काळी चारची खोट

“सर, आमचे गळे सुरात असतील आणि पेटीच बेसूर असली तर?”

हे मी भर वर्गात विचारलं. प्रश्न काढला होता माझी मैत्रीण अयोध्यानं, “तुझी न्हाय हिंमत” म्हणून डिवचलं होतं सगळ्याजणींनी, आणि उभी राहिले मी. पाण्याच्या टाकीपाशी पैज लागली होती. मी विचारलं तर माझ्या पाळीचा फळा आठवडाभर अयोध्या पुसणार. “पेटीवाल्याची पोरगी तू, आन् तुझंच तोंड शिवलंय व्हय?” असं ती सकाळपासून ऐकवत होती. खरं सांगायचं तर मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘प्रेझेंट सर’ इतकं हळू म्हणायचे की माझी गैरहजेरी पडायची. यंदा नववीत आल्यापासून काय झालंय कुणास ठाऊक, जीभ आपली आपण उठते आणि मी तिच्या मागून उठते.

गुरुलिंग सर आम्हाला संगीत शिकवतात, आणि पीटीचे सर रजेवर असले की पीटीसुद्धा. त्यांचा भात्यावरचा हात थांबला.

“युसरा, ही पेटी कुणी लावलीय?”

“माझ्या अब्बांनी, सर.”

“मग घरी जा आणि अब्बांना विचार. म्हणावं, गफारभाई, तुम्ही शाळेला बेसूर पेटी दिली काय? उत्तर आलं की मलाही कळव.”

वर्ग असा हसला की बाहेरच्या लिंबावरचे पक्षी उडाले. पोरांच्या समूहगीत संघातला मुजम्मिल तर बाक बडवत म्हणाला, “अब्बाला नोटीस काढ, नोटीस!” मी मुकाट खाली बसले. कान नुसते पेटले होते.

धाराशिवला दरवर्षी समूहगीताची स्पर्धा होते. आमच्या शाळेकडून पोरांचा एक आणि पोरींचा एक असे दोन संघ सराव करतात, पण जातो एकच, आणि तो नेहमी पोरांचा असतो. कारण आम्हाला पाठ आहे. पोरी पंचमाला चढतात. सा रे ग म ठीक, ‘प’ आला की पोरी पेटीच्या वर जातात. “पोरींचे गळेच तसे,” असं सर म्हणतात, जसं कुणी ‘आमच्या भूमला पाऊसच कमी’ म्हणावं तसं. शनिवारी निवड होती. तोवर पंचम जागेवर आला तर पोरी, नाहीतर नेहमीसारखी पोरं.

माझं सोडा, मी मागच्या रांगेतला आवाज आहे. पण दीपाली! तिच्या घरची मेंढरं आहेत आणि माळावर बापाला हाका मारून मारून तिचा आवाज असा झालाय की तिनं ‘सा’ लावला की खिडकीची तावदानं ऐकतात. मागच्या वर्षी सरांनी तिला पेटीशेजारी उभं केलं, ‘प’ची पट्टी दाबून धरली आणि म्हणाले, “ह्याच्यात मिसळ.” ती गायली. “चढलीस.” परत गायली. “चढलीस.” शेवटी तिनं आवाज दाबून दाबून खाली आणला, तेव्हा सर म्हणाले, “हां, आता बरोबर.” त्यानंतर दीपाली पंचम आला की ओठ नुसते हलवते. मी शेजारी उभी असते, मला ऐकू येतं. म्हणजे ऐकू येत नाही.

आमचं दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची भजनी मंडळं पेट्या घेऊन येतात. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी अडकलेली, कुणाच्या पेटीत उंदरानं बाळंतपण केलेलं. अब्बा सूर लावतात तेव्हा भाता मी मारते, हात पोचायला लागला तेव्हापासून. अब्बांकडं सूर मोजायचं मशीन नाही आणि त्यांना ते नकोही. त्यांची रीत त्यांच्या उस्तादांची. एक सूर धरायचा आणि त्याचा पंचम लावायचा. दोन्ही एकदम वाजवले की आधी हवेत थरथर होते, हुं हुं हुं हुं. पेटीतली पितळी रीड, म्हणजे हवेनं वाजणारी जीभ, खरवडत जावं तशी ती थरथर संथ होते आणि एका क्षणी थांबते. दोन सूर एकमेकांत असे मिसळतात की वेगळे काढता येत नाहीत. मग त्या पंचमालाच ‘सा’ मानायचं आणि त्याचा पंचम लावायचा. मग त्याचा. अशी पंचमाला पंचम जोडत बाराच्या बारा घरं भरायची. “गफारची पेटी पंचमाला घट्ट,” असं पार बार्शीपर्यंत म्हणतात. मला त्याचा लई अभिमान होता.

त्या संध्याकाळी अब्बा मगरीबच्या नमाजला गेले आणि मी दुकानातली पहिली पेटी खाली काढली. एकेका पट्टीला सा धरून तिचा पंचम वाजवत गेले. पांढरी एक, घट्ट. काळी एक, घट्ट. पांढरी दोन, मधासारखी. काळी चार म्हणजे काळ्या पट्ट्यांतली चौथी. आम्ही पोरी तीच सा धरून गातो. तिचा पंचम दाबला आणि पेटीतून रेडा हंबरला.

खरंच सांगते, तोच आवाज. मी दचकून भाता सोडला.

दुसरी पेटी काढली. तिथंही सगळं गोड आणि काळी चारला रेडा. तिसरीतही तेच. दुरुस्तीला आलेल्या, नव्या, विकायला ठेवलेल्या, सगळ्या पेट्यांत बरोबर त्याच जागी! एखादी पेटी बिघडली असती तर मी समजले असते. पण सगळ्या एकाच जागी बिघडल्या म्हणजे ते बिघडणं नव्हतंच. कुणीतरी ते तिथं ठेवलं होतं.

अब्बा आले, टोपी खुंटीला अडकवली. आम्ही घरात दखनी बोलतो, पण भांडण कुठल्याही भाषेत सारखंच लागतं.

“अब्बा, काळी चारचा पंचम उतरलाय.”

“उतरलेलाच असतो,” अब्बा म्हणाले. चहा गरम आहे म्हणावं तसं.

“म्हणजे?”

ते खाली बसले आणि जमिनीवरच्या शहाबादी फरशीवर बोट ठेवलं. “हे बघ. भिंतीपासून फरशा लावत आलं की शेवटची बसते का अख्खी? कापावी लागते. सुराचंही तसंच. पंचमाला पंचम जोडत बारा घरं फिरलं की परत पहिल्या सुरावर यायला पायजे. येत न्हाय. केसभर पुढं जातं. आमच्या उस्तादांनाही चुकलं न्हाय, त्यांच्या उस्तादांनाही न्हाय. अल्लानंच सूर तसे केलेत. म्हणून एक पंचम केसभर उतरवावा लागतो, ती खोट कुठंतरी ठेवावीच लागती. आता गवंडी कापलेली फरशी कुठं बसवतो?”

“कुठं?”

“दारामागं. जिथं कुणाचा पाय पडत न्हाय.”

“आणि तुम्ही खोट काळी चारला बसवता.”

“तिथं गातं कोण? बुवांची मंडळं काळी एकला गातात, न्हायतर पांढरी दोनला.”

“आम्ही गातो!” मी ओरडले. “शाळेतल्या सगळ्या पोरी काळी चारला गातात, अब्बा! आम्ही काय दारामागं राहतो?”

आतून अम्मीचा तव्यावरचा हात थांबला, ते मला ऐकू आलं. अब्बांनी कानस उचलली आणि पुसायला लागले. ती स्वच्छच होती. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी पेटलं.

“मागच्या वर्षी सर पेटी घेऊन आले होते. पोरी चढतात, जरा बघा म्हणाले होते. मी भाता मारत होते. तुम्ही काय सांगितलं?”

“युसरा, हळू बोल.”

“काय सांगितलं?”

“पेटी बरोबर हाय म्हणालो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

अब्बांनी कानस खाली ठेवली. माझे अब्बा कुणाच्या पेटीत जुनी रीड बसवत नाहीत, कुणाला खोटा वायदा करत नाहीत. त्यांना माहीत होतं. आम्ही वर्षभर आपापल्या गळ्याला शिव्या देत होतो आणि ह्या माणसाला माहीत होतं, आणि रोज रात्री जेवताना ते मला विचारत होते, “काय बेटा, गाणं कसं चाललंय?”

“शाळेची पेटी नवरात्रात शिवशंकर बुवांच्या भजनी मंडळाकडं जाती,” ते शेवटी म्हणाले. “बुवा काळी एकला गातात. तुमचा ‘सा’ म्हणजे काळी चार, आन् तोच बुवांचा पंचम. एकच सूर, दोघांच्या कामाचा. तुमचा पंचम बसावा म्हणून तो ‘सा’ केसभर उतरवला की बुवांचा पंचम हंबरंल. बुवा नाराज झाले की निम्मी गावं नाराज.” मग एकदम आवाज मऊ करून म्हणाले, “तुमी एक पट्टी खाली गा की बेटा. पांढरी पाचला. काय बिघडतं?”

“बुवांना सांगाल एक पट्टी खाली गा म्हणून?”

“बुवांना? येडी का काय तू!”

असं पटकन बोलून गेले आणि मग परत कानस पुसायला लागले. मी जेवले नाही. म्हणजे नंतर जेवले, पण रागानं जेवले.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी मी अयोध्याला आणि दीपालीला सगळं सांगितलं. अयोध्याच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नाही. “म्हंजे तुझ्या बापानं...” ती म्हणाली आणि जीभ चावली.

दीपालीनं नळ बंद केला. मग म्हणाली, “म्हंजे मी चुकत नव्हते?”

“नव्हतीस.”

“मागल्या वर्षी पण?”

“तेव्हाही नव्हतीस. पेटीचा पंचम खाली होता. तू बरोबर गात होतीस.”

“सांग सरांना! आत्ताच्या आत्ता!” अयोध्या तर निघालीच होती.

“नको,” दीपाली म्हणाली. “हिच्या अब्बांचं नाव जाईल. बाजारात लोक काय म्हणतील? आमी एक पट्टी खाली गाऊन बघू ना.”

मधल्या सुट्टीत आम्ही पांढरी पाचला गाऊन पाहिलं. पंचम मिसळला, पण कडव्याच्या सुरुवातीला गाणं एकदम तळाला जातं, तिथं लहान वर्गातल्या पोरींचे आवाजच विझले. मग काळी चारच्या एक पट्टी वर घेतलं, तर टिपेला सगळ्याजणी किंचाळल्या. आमचं गाणं काळी चारलाच बसतं, जशी एखादी चप्पल एकाच पायाला बसते. अयोध्या म्हणाली, “असू दे, शनिवारी बघू.” मला मात्र दीपालीचाच राग येत होता. माझ्या बापाची अब्रू सांभाळायला ही पोरगी स्वतःचा गळा गहाण टाकायला तयार होती, आणि मी तिच्या त्या चांगुलपणामागं लपत होते.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये निवड झाली. पोरांनी आधी गायलं, काळी एकला, छान, घट्ट. मुजम्मिलनं येता येता मला विचारलं, “आलं का उत्तर अब्बाचं?” मी दात ओठ खाल्ले. मग आम्ही उभ्या राहिलो. सरांनी काळी चार दाबली.

पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीत पंचम येतो आणि त्यावर थांबायचं असतं. आम्ही सगळ्या तिथं पोचलो, आणि मला माझ्या शेजारी दीपालीचा आवाज ऐकू आला. खरा, मोठा, पोटातून आलेला आवाज. वर्षभरात पहिल्यांदा ती पंचमावर ओठ हलवून गप्प राहिली नव्हती. पण तो खाली होता. पेटीइतका खाली. तिनं मुद्दाम तिथं नेऊन ठेवला होता, नेमका, केसभरही न हलता. चुकीचा सूर इतका बिनचूक लावायला काय लागतं, ते मला कळतं. मी पेटीवाल्याची पोरगी आहे.

सरांनी हात वर केला. “थांबा. दीपाली बरोबर. शाब्बास! बाकीच्या चढल्या.”

मग माझं डोकं फिरलं.

मी रांगेतून बाहेर आले आणि सरांच्या पेटीवर हात ठेवला. असं कुणी करत नाही, मला माहीत आहे. “सर, दीपालीनं चुकीचं गायलं. मुद्दाम. बाकीच्या बरोबर होत्या.”

“युसरा, जागेवर जा.”

“सर, नुसतं ऐका.” मी भाता मारला आणि काळी एक आणि तिचा पंचम दाबला. हॉल भरून गेला. मग काळी चार आणि तिचा पंचम दाबला. रेडा हंबरला. आठवीतली एक पोरगी फिसकन हसली आणि मग कुणीच हसलं नाही. मी परत पहिला जोड वाजवला. परत दुसरा. “हे तुमचं आणि पोरांचं, सर. आणि हे आमचं. आम्हाला वर्षभर ह्याच्यात मिसळा म्हणताय तुम्ही.”

सर पेटीकडं असे बघत होते जसं तिनं त्यांना शिवी दिली. “पण मी मागल्या वर्षी दाखवून आणली. गफारभाई म्हणाले, बरोबर हाय.”

दीपालीनं मागून माझी ओढणी ओढली. मी सोडवून घेतली.

“अब्बांना माहीत होतं, सर. खोट कुठंतरी ठेवावी लागते, ती त्यांनी आमच्यात ठेवली आणि तुम्हाला सांगितलं नाही.” माझा आवाज फाटला, तरी मी बोलत राहिले. “आणि सर, तुम्हाला कान आहेत. तुम्हालाही ऐकू यायला पाहिजे होतं. पोरगी चुकते हे लगेच ऐकू येतं तुम्हाला, पेटी चुकते हे का येत नाही?”

सरांनी चष्मा काढला, परत घातला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. ते म्हणाले, “पेटी सांगती ते खरं, असंच शिकलो आम्ही.” मग पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, “पेटी घेऊन जा. सोमवारी काळी चारला बरोबर वाजली तर धाराशिवला पोरी जातील. न्हाय वाजली तर पोरांची नावं कळवावी लागतील मला.”

पेटी आम्ही अयोध्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणली. दीपाली रस्ताभर आमच्या पुढं पुढं चालत राहिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फक्त म्हणाली, “तुला सांगू नको म्हणलं होतं मी.”

“तू परत तसा पंचम लावलास तर तुझं तोंड फोडीन,” मी म्हणाले. मला रडू येत होतं, म्हणून आणखी जोरात म्हणाले.

घरी सरांचा फोन आधीच येऊन गेला होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. अब्बा पाटावर बसले होते, पुढ्यात एकही पेटी नव्हती.

“भरल्या शाळेत बापाची मान खाली घातलीस.”

“तुम्ही आमच्या सगळ्याजणींची घातली होती, अब्बा. वर्षभर.”

“बापाशी असं बोलतात?” अम्मी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. मला वाटलं ती माझ्यावर धावून येईल, पण ती अब्बांकडं वळली. “आन् तुमी सुद्धा! घरात पोरगी हाय आपल्या, शाळेत गाती, एवढं तरी ध्यानात ठेवायचं. लावून टाका की चांगली, सगळ्यांसाठीच.”

“सगळ्यांसाठी होत न्हाय आरजू, तेच सांगतोय हिला!” अब्बांचा आवाज चढला. “एकाचं बसवलं की दुसऱ्याचं उठतं.”

“मग थोडं थोडं सगळ्यांत वाटा.”

“तशी मशीनची पेटी असती. सगळीकडं जरा जरा फिकी, कुठंच घट्ट न्हाय. लोक माझ्याकडं त्याच्यासाठी येत न्हायत.” ते माझ्याकडं वळले. “नवरात्र तोंडावर आलंय. बुवा ही पेटी उघडणार, काळी एक दाबणार, आन् पंचमाला हंबरडा ऐकणार. मग? मी ह्या पेटीला हात लावणार न्हाय. सरांना सांग, गफारला जमत न्हाय.”

त्यांनी असं म्हटलं ना, तेव्हा माझा राग पहिल्यांदा थोडा थंड झाला. संपला नाही. थंड झाला, म्हणजे हातात धरता येईल इतका. माझ्या बापाला न जमण्यासारखं ते काम नव्हतंच. काळी चारच्या सगळ्या सप्तकांतल्या मिळून सहा रीडा, बुडाशी किंचित खरवडायच्या की सूर उतरतो. टोकाला खरवडलं तर चढतो. हे मी त्यांच्याच मांडीशी बसून शिकले होते, आणि फेकून दिलेल्या रीडांवर कितीतरी वेळा करून पाहिलं होतं. त्यांना जमत होतं. त्यांना बुवांना तोंड द्यायला जमत नव्हतं.

मी पेटी पाटावर ठेवली, वरची फळी उघडली आणि बारीक कानस घेतली. अब्बा उठले नाहीत, पण त्यांनी माझा हातही धरला नाही.

“अब्बा, अम्मी, दोघंही ऐका,” मी म्हणाले. “मी ठरवलंय. ही पेटी मी लावणार. आज, आत्ता, तुमच्यासमोर. काळी चार उतरवणार आणि बुवांचा पंचम बिघडणार, ते मला माहीत आहे, आणि मी ते जाणूनबुजून करणार. सोमवारी सरांना पेटी मीच देणार आणि सांगणार की खोट आता काळी एकमध्ये आहे, लपवणार नाही. आणि आज संध्याकाळीच मी बुवांच्या घरी जाणार. पेटी उघडून दचकायच्या आधी त्यांना माझ्या तोंडून कळेल की ही युसरानं लावली, का लावली, आणि नवरात्रात त्यांना काळी एकच पाहिजे असेल तर पेटी माझ्याकडं आणायची, मी त्यांच्यासाठी लावून देईन आणि नंतर आमच्यासाठी परत लावीन. तुम्ही बरोबर आलात तर चांगलं. नाही आलात तरी मी जाणार.”